जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली: आधी डेटा कसा काढायचा, मग कोणती डिस्क टाकायची?

बोरीकाठ (पारोळा)

नमस्कार मंडळी. पारोळ्यात माझं डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पीकविम्याचे फॉर्म, विद्यार्थ्यांचे दाखले, सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. २०१३ सालचा आहे, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची मूळ हार्ड डिस्क. बॅटरी कधीच संपलीय, थेट अडॅप्टरवर चालवते.

गेल्या काही दिवसांपासून एखादी फाइल उघडली की चक्र फिरत राहायचं, मग स्क्रीन गोठायची. परवा भर लग्नसराईत लाईट गेली, परत आली आणि तेव्हापासून विंडोज सुरूच होत नाही. काळ्या स्क्रीनवर ‘हार्ड डिस्क इमिनंट फेल्युअर’ असं काहीतरी येतं आणि मग नुसतं टिमटिमणारं आडवं चिन्ह.

इथल्या एका दुकानात दाखवला. ते म्हणाले फॉरमॅट मारून पाहू, नाही चालला तर नवीन घ्या. मी तसाच परत आणला, कारण त्यात माझ्या आजीच्या आवाजातली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आणि कानबाई देवीची गाणी आहेत. आजी आता नाही. त्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. पत्रिकांचे जुने नमुने गेले तर परत करता येतील, गाणी परत कुठून आणू?

तर विचारायचं असं की १) डिस्कच गेलीय हे नक्की कसं ओळखायचं, २) डेटा निघेल का, ३) या मशीनला नवीन डिस्क टाकण्यात अर्थ आहे का? नवीन लॅपटॉप घेण्याची आत्ता ऐपत नाही.

तापीतीर (भुसावळ)

ताई, सगळ्यात आधी एक करा. लॅपटॉप बंद ठेवा आणि ‘एकदा बघू चालतो का’ म्हणून कोणालाही चालू करू देऊ नका. फॉरमॅट नाही मारू दिलं हे फार चांगलं केलंत.

कारण समजून घ्या. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. माणसाचा केस त्या फटीपेक्षा हजारो पट जाड असतो. हेड एकदा पृष्ठभागाला घासायला लागलं की प्रत्येक फेरीला थोडा डेटा कायमचा खरवडला जातो. म्हणजे नुसती चालू असलेली आजारी डिस्कसुद्धा स्वतःचं नुकसान करत असते. बंद असताना ती आहे तशीच राहते. घाई अजिबात नाही, महिनाभर कपाटात राहिली तरी चालेल.

दोन गोष्टी कळल्या तर पुढचं सांगता येईल. एकदाच चालू करा, तेही फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाण्यापुरतं (चालू करताक्षणी एफ२, एफ१० किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बदलतं). तिथे डिस्कचं नाव आणि ५०० जीबी आकडा दिसतो का ते बघा. आणि तेवढ्या वेळात कान लावून ऐका: ठरावीक ठेक्यात ‘टक्… टक्… टक्…’ येतंय, की फिरण्याचा साधा आवाज येऊन मध्येच खरखर होऊन थांबतंय? मग लगेच बंद करा.

केळीबाग (रावेर)

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या मित्राची अशीच चालू झाली होती, तेवढ्या वेळात त्याने फोटो काढून घेतले.

गिरणाथडी (चाळीसगाव)

भाऊ, मनापासून विनंती, हा सल्ला कोणाला देऊ नका. खूप जुन्या डिस्कांच्या काळात मोटर अडकलेली असेल तर कधीमधी धातू आकसून ती सुटायची, तिथून ही गोष्ट पसरली. आत्ताच्या डिस्कला त्याने नुकसानच होतं. शिवाय आपल्याकडचा मे महिना. दुपारी भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर तेवढ्या गरम हवेत क्षणात पाणी धरतं. बाहेरच्या सर्किटवरही आणि हवेच्या बारीक छिद्रातून आतही. तबकडीवर ओल आली आणि हेड त्यावर फिरलं की प्रयोगशाळेवाल्यालाही काही करता येत नाही.

त्याचबरोबर दुसरं: डिस्कचं झाकण घरी किंवा दुकानात उघडू देऊ नका. नाशिककडच्या एका ओळखीच्या माणसाची डिस्क एका दुकानात टेबलावर, पंख्याखाली उघडली होती. ती नंतर जिथे पाठवली तिथून ‘पृष्ठभागावर धूळ आणि ओरखडे’ एवढंच उत्तर आलं.

केळीबाग (रावेर)

बरं झालं सांगितलं. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

बोरीकाठ (पारोळा)

बायोसमध्ये बघितलं. डिस्कचं नाव दिसतंय, ५०० जीबीपण दिसतंय. ठेक्यातला टक-टक नाही. फिरण्याचा आवाज येतो, मध्येच एक बारीक खरखर आणि मग शांत. लगेच बंद केला.

तापीतीर (भुसावळ)

मग आशेला जागा आहे, ताई. ठेक्यातला टक-टक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही, ते पुन्हा पुन्हा मूळ जागी जाऊन आपटतं. तसं असतं तर मी सरळ पुण्या-मुंबईच्या क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा म्हणालो असतो, आणि तो खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट असतो. तुमची डिस्क स्वतःची ओळख सांगतेय, म्हणजे मोटर, सर्किट आणि हेड निदान काही प्रमाणात शाबूत आहेत. बहुतेक बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे बारीक कप्पे, वाढलेत आणि विंडोजच्या सुरुवातीच्या फाइली नेमक्या त्या जागी आहेत.

आता काय करायचं नाही ते आधी सांगतो, कारण नुकसान इथेच होतं.

चेक-डिस्क चालवायचं नाही. ते दुरुस्तीचं साधन वाटतं, पण ते फाइल सिस्टीम सरळ करतं, डेटा वाचवत नाही. आजारी डिस्कवरच लिहितं, आणि वाचता न आलेल्या फाइलींचे तुकडे करून बाजूला टाकतं. डिस्क दुसऱ्या विंडोजला जोडली की ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारतं, तिथेही नाही म्हणायचं. आणि एक्सप्लोररमधून फोल्डर ओढून कॉपी करत बसायचं नाही. एका खराब जागी विंडोज अडकतं, परत परत तेच वाचायचा प्रयत्न करतं आणि डिस्क तिथेच घासत राहते.

योग्य पद्धत अशी की आख्ख्या डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर प्रत आधी दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्यायची, आणि फाइली शोधायचं काम त्या प्रतीवर करायचं. यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. ते हुशारीने काम करतं: जे सहज वाचता येतं ते आधी घेतं, अडलं की तिथे न थांबता उडी मारून पुढे जातं, आणि अवघड जागा शेवटी थोड्या थोड्या करून खरवडतं. कुठलं झालं, कुठलं राहिलं याचा हिशोब ते एका छोट्या नकाशा-फाइलमध्ये ठेवतं. म्हणजे मध्ये लाईट गेली तरी परत सुरू केल्यावर जिथे थांबलं तिथूनच पुढे. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं.

लागेल ते: सिस्टीमरेस्क्यू नावाचं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलेला एक पेनड्राइव्ह, आणि १ टीबीची बाहेरची डिस्क. ती एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमची प्रत एकच ५०० जीबीची फाइल असणार आहे. एनटीएफएस चालेल. पेनड्राइव्हवरच्या या लिनक्सचा एक फायदा असा की ते जोडलेल्या डिस्का आपणहून उघडत नाही, त्यामुळे चुकून काही लिहिलं जात नाही.

पांझरा (धुळे)

काय सांगू ताई, मन्ही बी डिस्क अशीच गयी व्हती. तापीतीर भाऊ म्हणतात ते बरोबर आहे, फक्त एक जोडतो. यूएसबीच्या स्वस्त केबलवरून हे करू नका. खराब सेक्टर आला की त्या केबलमधली चिप हँग होते, डिस्क गायब होते, परत काढून लावावी लागते. डेस्कटॉपच्या आत थेट साटा पोर्टला (मदरबोर्डवरची डिस्क जोडायची जागा) लावा. लॅपटॉपच्या आणि डेस्कटॉपच्या डिस्कचं साटा कनेक्टर एकच असतं, डेटाचं ७ पिनचं आणि पॉवरचं १५ पिनचं. वेगळं काही घ्यावं लागत नाही. डेस्कटॉपमधल्या डीव्हीडी रायटरच्या दोन्ही केबली काढून त्याच या डिस्कला लावायच्या.

तुम्ही पारोळ्याच्या, मी धुळ्याचा. माझ्याकडे असा डेस्कटॉप आहे आणि इन्व्हर्टरही आहे. डिस्क घेऊन या, तुमच्यासमोर लावतो. तासाभराचा तर रस्ता. पैसे-बियसे काही नकोत, मलाही कानबाईची गाणी ऐकायची आहेत. आमच्या घरी कानबाईचे रोट असतात श्रावणात, पण जुनी गाणी म्हणणाऱ्या बाया आता राहिल्या नाहीत.

तापीतीर (भुसावळ)

पांझरा भाऊ, फार मोठं काम केलंत. एकच काळजी घ्या: डीडीरेस्क्यूला पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं प्रतीचं, तिसरं नकाशा-फाइलचं द्यायचं. उलटं झालं तर रिकामी डिस्क गाण्यांवर लिहिली जाईल. आधी आकार आणि मॉडेल नंबर दोघांनी मिळून मोठ्याने वाचा आणि मगच एंटर दाबा. पहिल्या फेरीला खरवडणं बंद ठेवायचा पर्याय द्या, सोपं ते आधी हाती लागू दे. आणि दुपारी नको, रात्री किंवा पहाटे करा, डिस्कवर टेबलफॅन सोडा.

सातपुडा_वारा (शहादा)

डिस्क काढताना ताईंसाठी थोडं. लॅपटॉप बंद, अडॅप्टर काढा, बॅटरी संपलेली असली तरी तीही काढा. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना खालच्या बाजूला डिस्कपुरतं वेगळं झाकण असतं, आख्खा लॅपटॉप खोलावा लागत नाही. झाकण काढलं की पत्र्याच्या चौकटीत, म्हणजे कॅडीत, बसवलेली डिस्क दिसेल. ती वर उपटायची नाही. आधी कनेक्टरपासून आडवी, सपाट, सरकवायची आणि मग उचलायची. काही मॉडेलमध्ये कनेक्टरऐवजी पातळ पट्टी-केबल असते, ती ओढली तर फाटते, तिथे टोकाशी धरून हलवायचं.

कॅडीच्या दोन्ही कडांना मिळून चार बारीक स्क्रू असतात. ते बारा वर्षांत घट्ट बसलेले असतात आणि चुकीच्या मापाच्या पेचकसने लगेच डोकं घासतं. योग्य मापाचा फिलिप्स पेचकस घ्या, सरळ उभा दाबून धरा, मग फिरवा. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टेपने चिकटवा. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वर की-बोर्डच्या बाजूला फुगवटा येतो.

डिस्क धरताना कडेने धरा, हिरव्या सर्किटला बोट लावू नका, आणि आधी एखाद्या लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावा.

बोरीकाठ (पारोळा)

सगळ्यांचे खूप खूप आभार. डिस्क काढली. स्क्रूंसाठी कागदाची युक्ती फार कामाला आली. कॅडीचा एक स्क्रू हलेना, मग शेजारच्या घड्याळजींकडून बारीक पेचकस आणला, तेव्हा सुटला. झाकण उघडल्यावर आत पंख्याच्या जाळीवर कापसाचा अक्षरशः थर जमला होता, बोट लावलं तर चटईसारखा सुटून आला. दुकानामागे जिनिंग आहे, हंगामात हवेत कापूस उडत असतो.

रविवारी धुळ्याला जाते.

गिरणाथडी (चाळीसगाव)

ताई, तो कापसाचा थर ही साधी गोष्ट समजू नका. हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालायला बनवलेली असते. बाहेर ४४ असताना, हवा बंद झालेल्या लॅपटॉपच्या आत डिस्क त्या आकड्याच्या सहज जवळ जाते. खानदेश-विदर्भातल्या डिस्का पुण्या-नाशिकच्या मानाने लवकर जातात असं मला कायम वाटत आलंय.

आणि दुसरं कारण तुम्ही स्वतःच सांगितलंय, मेलेली बॅटरी. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे त्याचा यूपीएस. ती असेल तर लाईट गेली तरी डिस्कला कळत नाही. ती नसेल तर प्रत्येक वेळी वीज अचानक तुटते आणि हेडला फिरत्या तबकडीच्याच उरलेल्या जोरावर घाईने पार्किंगला परतावं लागतं. नीट बंद केल्यावर हेड पार्क होणं डिस्क लाखो वेळा सहन करते. अशी घाईची पार्किंग मात्र त्याच्या अगदी थोड्या हिश्शाएवढीच सहन होते. ज्या भागात रोज चार वेळा लाईट जाते तिथे हे फार लवकर भरतं. वर लिहिणं अर्धवट राहून फाइल सिस्टीम बिघडते ती वेगळीच.

तेव्हा नवीन डिस्क टाकताना बॅटरीही टाका. पैसे कमी पडत असतील तर थोडी लहान डिस्क घ्या, पण बॅटरी सोडू नका.

केळीबाग (रावेर)

ताईंनी नवीन हार्ड डिस्कच घ्यावी की एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क? माझ्या भाचीच्या लॅपटॉपलाही हाच प्रश्न आहे.

तापीतीर (भुसावळ)

केळीबाग भाऊ, आत टाकायला आता एसएसडीच. फिरणारा भाग नाही, धक्क्याची भीती नाही, विजेचा खर्च कमी. वेगाचं म्हणाल तर मोठी एकसलग फाइल वाचताना जुनी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी देते, साटा-३ वरची एसएसडी ५०० च्या पुढे. पण रोजच्या कामात जाणवतो तो फरक वेगळा आहे. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इथून-तिथून वाचतं, आणि तिथे हार्ड डिस्कचं हेड धावत राहतं. एसएसडीला धावावंच लागत नाही. त्या काळातला आय-फाइव्ह आजही पत्रिका आणि फॉर्मांसाठी पुरेसा आहे, अडवून धरलं होतं ते डिस्कने. सोबत रॅम ४ वरून ८ जीबी करा, त्या पिढीला डीडीआर-३ लागते, सेकंडहँडही चालते.

घेताना ‘२.५ इंच साटा’ असं स्पष्ट सांगा. दुकानदार एम-डॉट-टू (छोट्या पट्टीसारखी एसएसडी) देईल तर नको, त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपला तिची जागाच नाही. एसएसडी ७ मिमी जाड असते, तुमची जुनी डिस्क ९.५ मिमी असेल. फरक पडत नाही, कॅडीत स्क्रू त्याच भोकांत बसतात. हलत असेल तर सोबत येणारी प्लास्टिकची पट्टी लावायची. लॅपटॉप आणखी जुना, साटा-२ चा असेल तरी एसएसडी चालते, फक्त वेग निम्म्यावर येतो. तरीही हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी बरी.

पक्क्या बिलावर घ्या. नाव न ऐकलेली, फारच स्वस्त १ टीबी मिळतेय म्हणून भुलू नका. त्यात खरी जागा कमी असते आणि ती भरली की जुन्या फाइलींवर नवीन लिहायला लागते. लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ (आजवर किती तास चालली) बघा. नव्या डिस्कवर तिथे हजारो तास दिसले तर परत न्या.

पांझरा (धुळे)

ताजी बातमी: ताई आल्या होत्या, डिस्क लावली, प्रत घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला ८०-९० एमबीच्या वेगाने सरळ जात होती. मग एका भागात आकडा काही केबीवर आला आणि खरखर सुरू झाली. डीडीरेस्क्यूने तो भाग सोडला आणि पुढे निघालं. सोपा भाग रात्रीतच झाला. राहिलेल्या तुकड्यांसाठी पहाटेच्या गारव्यात दुसरी फेरी लावली, मध्ये एकदा लाईट गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं. बहुतेक सगळं आलंय. ताईच सांगतील.

बोरीकाठ (पारोळा)

गाणी मिळाली!

प्रतीची फाइल फक्त-वाचण्यापुरती उघडली आणि त्यातून फोल्डर बाहेर काढला. पांझरा दादांच्या घरी सगळे ऐकत बसलो. एका आखाजीच्या गाण्यात मधेच काही सेकंद आवाज तुटतो आणि मग आजी पुढच्या कडव्यापासून परत गायला लागते. बाकीची सगळी धड आहेत. पत्रिकांच्या काही फाइली मात्र उघडतच नाहीत.

एक विचारायचं होतं. गाणं थोडं तुटूनही वाजतं, आणि पत्रिका अजिबात उघडत नाही, असं का?

तापीतीर (भुसावळ)

वाचून फार आनंद झाला, ताई.

एमपी-३ मध्ये आवाज छोट्या छोट्या स्वतंत्र तुकड्यांत साठवलेला असतो. एखादा सेक्टर गेला तर तेवढाच तुकडा जातो, पुढचा तुकडा सापडला की वाजायला लागतं. पत्रिकेच्या फाइलमध्ये आत काय कुठे आहे याची यादी असते. खराब सेक्टर त्या यादीवर आला तर बाकी फाइल चांगली असूनही सॉफ्टवेअरला वाट सापडत नाही. त्या फाइलींची तात्पुरती प्रत किंवा बॅकअप प्रत त्याच फोल्डरमध्ये असते का बघा, कधी कधी ती धड असते.

अक्षरजुळणी (अमळनेर)

मीही डीटीपीवाला. ताई, घाईत एक गोष्ट राहून जाईल म्हणून सांगतो. प्रतीमधून विंडोजच्या आतला फॉन्ट्सचा फोल्डरही आख्खा काढून घ्या. आपल्या जुन्या पत्रिका श्री-लिपीत किंवा तशाच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. नव्या विंडोजवर तोच फॉन्ट नसेल तर ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो आणि माणसाला वाटतं फाइलच गेली. फाइल ठीक असते, फॉन्ट नसतो.

श्री-लिपीची यूएसबी लॉकची किल्ली असेल तर ती शाबूत आहे, तिचा डिस्कशी संबंध नाही. डिजिटल सहीचंही तसंच, सही यूएसबी टोकनमध्ये असते, फक्त ड्रायव्हर परत टाकायचा. टॅली वापरत असाल तर डेटा फोल्डरमध्ये १०००० सारख्या पाच आकडी नावांचे फोल्डर दिसतील, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी, ते आख्खे उचला. आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतील तर ते फाइलीसारखे उचलून नव्या विंडोजमध्ये चालत नाहीत, त्यांच्या रिसेटची तयारी ठेवा.

सातपुडा_वारा (शहादा)

आता विंडोज. जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) सरळ एसएसडीवर टाकायचा मोह होईल, पण इथे नको. ज्या सेक्टरचं वाचन झालं नाही तिथे सिस्टीमच्या फाइली असतील तर आजार नव्या डिस्कवरही येईल. कोरी सुरुवात करा.

माझं म्हणणं लिनक्स मिंट टाका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला किमान आठव्या पिढीचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीचं मशीन त्यात बसत नाही. मिंट त्यावर सुरेख चालतो, मराठी युनिकोड टायपिंगही आहे.

अक्षरजुळणी (अमळनेर)

दादा, घरच्या वापराला मिंट उत्तमच, माझ्या मुलाच्या मशीनवर तोच आहे. पण ताईंचं पोट ज्यावर चालतं ते श्री-लिपी, पेजमेकर, सहीचं टोकन, स्कॅनरचा ड्रायव्हर हे सगळं विंडोजचं. लग्नसराईत गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्यांना नवीन काही शिकायला लावणं बरोबर नाही. विंडोज १० टाकून मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षेच्या योजनेत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तोवर काम चालेल आणि पुढच्या मशीनची सोय करता येईल. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नका.

सातपुडा_वारा (शहादा)

टोकन आणि स्कॅनरचं पटलं. मग असं करा ताई: विंडोज १० कामाला, आणि मिंटचा एक पेनड्राइव्ह बँकेच्या कामाला. पेनड्राइव्हवरून सुरू होतं, डिस्कला हात लावत नाही.

लायसन्सची चिंता करू नका. मशीनसोबत विंडोज ८ आलेलं असेल तर त्याची की मदरबोर्डमध्ये असते, पण ती विंडोज १० ला चालणं २०२३ मध्ये बंद झालं. मात्र विंडोज १० तुम्ही आधी त्याच मशीनवर वापरत असाल तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. टाकताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, तीच आवृत्ती निवडा (होम असेल तर होम), नेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

बोरीकाठ (पारोळा)

एसएसडी टाकली, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून बिलावर घेतली. ५०० जीबीच्या ऐवजी २५० घेतली आणि उरलेल्यात बॅटरी. पंख्याची जाळी ब्रशने साफ केली. लॅपटॉप चहा उकळायच्या आत सुरू होतो आता. अक्षरजुळणी दादांमुळे फॉन्ट आधीच काढून ठेवले होते, पहिली जुनी पत्रिका उघडली तेव्हा अक्षरं जशीच्या तशी आली.

गाणी १ टीबीच्या डिस्कवर आहेत, एक प्रत पांझरा दादांकडे. लॅपटॉपच्या एसएसडीवरही ठेवलीत. एवढं पुरे का?

तापीतीर (भुसावळ)

पुरे आहे, फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एसएसडी आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिले तर त्यातला डेटा हळूहळू उडू शकतो. तेव्हा कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवरच असू द्या आणि दिवाळीला एकदा लावून गाणी वाजवून बघा. आणि एसएसडीवरून डिलीट झालेलं सहसा परत येत नाही. ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा आतून साफ करून टाकते. हार्ड डिस्कवर जसं डिलीट केलेलं शोधून काढता येतं, तसं इथे धरून चालू नका.

जुनी डिस्क अजून काही महिने तशीच ठेवा. प्रतीत काही राहिलंय असं नंतर लक्षात आलं तर उपयोगी पडेल. भंगारात देताना तबकडीला ड्रिलने भोकं पाडून द्या, त्यात गिऱ्हाईकांचे आधार आणि बँकेचे कागद आहेत.

केळीबाग (रावेर)

भाचीच्या लॅपटॉपचं विचारतो. तिची हार्ड डिस्क अजून चांगली आहे, फक्त मशीन मंद आहे. एसएसडी टाकली तर ती १ टीबीची डिस्क वाया जाईल का? डीव्हीडी ड्राइव्ह कोणी वापरत नाही.

सातपुडा_वारा (शहादा)

वाया कशाला? डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी हार्ड डिस्क बसवायची कॅडी मिळते. एसएसडी मूळ जागेवर लावा, कारण डीव्हीडीचा पोर्ट काही मॉडेलमध्ये हळू असतो आणि तिथून बूट होत नाही. हार्ड डिस्क कॅडीत. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघा: ‘रीअलोकेटेड सेक्टर’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचायला अडणारे) हे दोन्ही शून्य असतील तरच डेटाला वापरा.

कॅडी मागवण्याआधी डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढून जाडी मोजा. ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन मापांच्या असतात आणि एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ड्राइव्हच्या पुढची प्लास्टिकची पट्टी काढून कॅडीला लावायला विसरू नका, नाहीतर बाजूला भोक राहतं आणि रावेरची सगळी धूळ आत जाते.

केळीबाग (रावेर)

मोजली, १२.७ आहे. दोन्ही सेक्टर शून्य. मागवतो.